केमोटॅक्सिसचा अभ्यासक व्हायचंय? सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीपासूनची वाट

कोरेगाव भागात घेवड्याचं बी पेरण्याआधी त्याला रायझोबियम या जिवाणूचं संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, चोळतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियांना अलगद लावायचं आणि बी सावलीत सुकवायचं. बी रुजलं की मुळातून शर्करा, अमिनो आम्लं, फ्लेवोनॉइड अशी द्रव्यं मातीच्या ओलाव्यात झिरपायला लागतात आणि रायझोबियम त्या दिशेने पोहत मुळाशी येतो. जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीच्या या जिवाला दिशा कळते कशी? रसायनाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर जाण्याच्या अशा हालचालीला केमोटॅक्सिस म्हणतात. जखमेतल्या जंतूंच्या मागे लागणारी पांढरी पेशी, अंड्याकडे जाणारा शुक्राणू, भ्रूणात आपल्या जागी पोचणाऱ्या पेशी, गाठीतून सुटून दुसरीकडे रुजणारी कर्करोगाची पेशी, या सगळ्यांत ही क्षमता कुठे ना कुठे कामाला येते.

आपल्याकडची जी मुलंमुली अकरावी-बारावीला किंवा बीएस्सीला आहेत आणि ज्यांना हा विषय खुणावतोय, त्यांच्यासाठी हा लेख. मी साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. विद्यार्थी पहिल्या भेटीत बहुतेक वेळा एकच शंका काढतात: "सर, आपल्याकडं कुठं तसली मशिनं आहेत?" मशिनं लागतात, पण पुढे. सुरुवातीला लागतो नेमका विचारलेला प्रश्न आणि त्याच्या जोडीला योग्य कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावलेला प्रयोग. हे दोन्ही आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकता येतं, आणि जो इथे शिकत नाही त्याला बंगळुरूला जाऊनही ते आपोआप येत नाही.

आधी एका शास्त्रज्ञाची वाट नीट पाहा

ज्युलियस अ‍ॅडलर १९३० साली जर्मनीतल्या एडेलफिंगेन या खेड्यात जन्मले. १९३८ साली, आठ वर्षांचे असताना, कुटुंबासोबत अमेरिकेत आले. लहानपणी त्यांना फुलपाखरांचं वेड होतं: मोनार्क फुलपाखरू इतक्या लांब जातं, तर त्याला वाट कोण सांगतं? पण हा प्रश्न घेऊन ते थेट प्रयोगशाळेत शिरले नाहीत. हार्वर्डमध्ये पदवी घेतली, १९५७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली, मग आर्थर कोर्नबर्ग यांच्याकडे डीएनए घडवणाऱ्या एन्झाइमवर काम केलं. त्यानंतर डेल कायझर यांच्याकडे जनुकशास्त्र शिकले. एन्झाइम शुद्ध करायचं कसं आणि म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेला जीव, शोधायचा कसा, ही दोन हत्यारं हातात आल्यावरच १९६० साली विस्कॉन्सिनला परत येऊन त्यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या वर्तनाला हात घातला.

जिवाणू रसायनाकडे जातात हे तेव्हा नवीन नव्हतं. एंगेलमान आणि फेफर या जर्मन शास्त्रज्ञांनी ते १८८०च्या दशकातच पाहिलं होतं. अ‍ॅडलर यांनी विचारलं ते असं: जिवाणूला साखर 'समजते', की साखर खाऊन ऊर्जा मिळते म्हणून तो तिकडे ओढला जातो? १९६९ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात याचं उत्तर आहे. गॅलॅक्टोज पचवूच न शकणारे म्युटंटही गॅलॅक्टोजकडे जात होते. उलट काही पदार्थ जिवाणू मजेत खात होते, पण त्यांच्याकडे ओढले जात नव्हते. म्हणजे खाणं वेगळं आणि ओळखणं वेगळं; ओळखण्यासाठी पेशीत स्वतंत्र ग्राही प्रथिनं असली पाहिजेत. काचेच्या केशनळ्या, पेट्री डिश आणि चांगले म्युटंट एवढ्या सामग्रीवर हे सिद्ध झालं. हा लेख तुमचा पहिला शोधनिबंध असू दे. मी तो दर वर्षी वर्गात वाचून घेतो.

उतारवयात अ‍ॅडलर फळमाशीकडे वळले आणि ती निर्णय कसा घेते हे शोधत राहिले. २०२४ साली ते गेले. त्यांच्या वाटेवरून दोन गोष्टी उचला: प्रश्न लहानपणीचा असला तरी चालतो, आणि स्वतःच्या प्रश्नाला भिडण्याआधी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत हात तयार करून घ्यावा लागतो.

यंत्रणा थोडक्यात, पण समजून

ई. कोलायच्या अंगावर काही कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे लांब धागे, असतात आणि प्रत्येकीच्या बुडाशी फिरणारी मोटर असते. कशाभिका खरोखर चाकासारखी गोल फिरते हे सिल्व्हरमन आणि सायमन यांनी १९७४ साली एका युक्तीने दाखवलं. कशाभिका काचेला चिकटवून टाकली, तर जिवाणूचं अख्खं अंगच गरगर फिरू लागलं. मोटरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की कशाभिकांची जुडी बनते आणि जिवाणू सरळ पोहतो. मोटर घड्याळाच्या दिशेने फिरली की जुडी सुटते, जिवाणू गडबडतो आणि नवीन दिशा पकडतो. सरळ पोहणं साधारण एक सेकंदाचं, गडबडणं सेकंदाच्या दहाव्या भागाचं. वेग सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर.

एवढ्या छोट्या अंगाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची तुलना करून जिवाणूला फारसं काही हाती लागत नाही. तो आत्ताची स्थिती काही क्षणांपूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहतो. हे मॅक्नॅब आणि कोशलँड यांनी १९७२ साली दाखवलं, आणि त्याच वर्षी हॉवर्ड बर्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एकेका जिवाणूचा पाठलाग करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने त्याच्या वाटा मोजल्या. परिस्थिती सुधारत असेल तर गडबडणं पुढे ढकललं जातं, एवढाच नियम. आत हे काम प्रथिनांची साखळी करते: ग्राही प्रथिन CheA ला, म्हणजे 'की-ए' या एन्झाइमला आवरतं किंवा मोकळं सोडतं, मोकळं सुटलेलं 'की-ए' 'की-वाय'वर फॉस्फेट चढवतं, तसं 'की-वाय' मोटरपाशी जाऊन तिची दिशा बदलतं. सोबत 'की-आर' आणि 'की-बी' ही एन्झाइमं ग्राही प्रथिनावर मिथाइल गट लावत-काढत राहतात, त्यामुळे जिवाणूला सरावही होतो. फोडणीचा वास घरात शिरताच जाणवतो आणि थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, तसाच हा सराव; पण इथे तो कोणत्या प्रथिनाच्या कोणत्या जागी होतो हे आपल्याला ठाऊक आहे. वर्तनापासून रेणूपर्यंत अशी सलग साखळी जीवशास्त्रात फार थोड्या ठिकाणी हाती आलेली आहे. माझा या विषयावरचा जीव याच कारणाने आहे.

आपल्या शरीरातल्या पेशींची गोष्ट निराळी. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जिवाणूच्या पाचपट लांब आणि संथ असते; ती आपल्या दोन टोकांमधला रसायनाचा फरक थेट ताडते. डेव्हिड रॉजर्स यांनी १९५०च्या दशकात व्हँडरबिल्ट विद्यापीठात घेतलेलं चित्रण इंटरनेटवर सहज सापडतं. लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढत न्यूट्रोफिल एका जिवाणूच्या मागे लागते, ते जरूर पाहा. अशा पेशींचा अभ्यास करणाऱ्यांची एक लाडकी पेशी म्हणजे डिक्टिओस्टेलियम हा मातीतला अमीबा. उपासमार झाली की हे अमीबे चक्रीय एएमपी या रेणूकडे धावत एकत्र जमतात. भारतात विद्यानंद नंजुंदय्या यांनी या अमीब्यांवर सैद्धांतिक काम केलं आहे. थोडक्यात, पुढे दोन फाटे आहेत, जिवाणूंचा आणि मोठ्या पेशींचा. सुरुवात जिवाणूंपासून करा, कारण ते साध्या प्रयोगशाळेत वाढतात.

अकरावी ते बीएस्सी: गणित सोडू नका

बारावीला जीवशास्त्र ठेवून गणित सोडायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. नीटची तयारी करणाऱ्याला ते परवडतं. या वाटेवर परवडत नाही. आयसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात. त्याहून मोठं कारण असं की केमोटॅक्सिस हा विषयच मोजमापाचा आहे. एक उदाहरण सोडवून बघा. छोट्या रेणूचा पाण्यातला विसरण (म्हणजे आपोआप पसरण्याचा) गुणांक साधारण १०⁻⁵ चौरस सेंटीमीटर प्रतिसेकंद असतो. २ गुणिले हा गुणांक गुणिले वेळ, आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे रेणूने सरासरी गाठलेलं अंतर. एका सेकंदात येतं ४५ मायक्रोमीटर. तासाभरात मात्र फक्त २.७ मिलिमीटर. वेळ ३,६०० पट झाला तरी अंतर ६० पटच वाढलं. जिवाणूच्या आकाराला विसरण झपाट्याने होतं आणि आपल्या आकाराला रटाळ, हे या एका हिशेबातून जसं कळतं तसं वर्णनातून कळत नाही.

बीएस्सीसाठी फार लांब पाहायला नको. साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, सांगलीत १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज आहे, कराडलाही विज्ञान महाविद्यालयं आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, रसायनशास्त्र यांपैकी मुख्य विषय कोणताही चालेल. मला विचाराल तर रसायन पक्कं असलेला विद्यार्थी पुढे जास्त टिकतो, कारण जीवशास्त्रातला तपशील वाचून भरून काढता येतो आणि बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) हिशेब न येणारा माणूस रोज अडतो. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. दुपारी तीननंतर प्रयोगशाळा उघडी असते का आणि शिक्षक तिथे असतात का, एवढं दोन दिवस जाऊन पाहा.

पहिला प्रयोग: पोहण्याची प्लेट

हा प्रयोग कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होतो, फक्त शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचा. ई. कोलायचा निरुपद्रवी के-१२ प्रकारातला, पोहणारा स्ट्रेन, म्हणजे वाण, चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या संवर्धन-संग्रहातून कॉलेजच्या नावाने मागवता येतो. गटाराच्या पाण्यातून किंवा दवाखान्यातून जिवाणू मिळवून घरी वाढवायचं मनातही आणू नका.

एका लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम मीठ आणि २.५ ते ३ ग्रॅम अगार, म्हणजे माध्यम घट्ट करणारा पदार्थ. नेहमीच्या प्लेटला १५ ग्रॅम अगार लागतो. इथे तो इतका कमी की जिवाणूंना आतल्या पाण्याच्या वाटांतून पोहता यावं. प्लेट ओतल्यावर तासभर हलवू नका. मध्यभागी अगारच्या आत दोन मायक्रोलिटर संवर्धन सोडा. प्लेट उलटी ठेवू नका, नाहीतर सगळा अगार झाकणात येतो. तापमान ३० अंश ठेवा. इन्क्युबेटर सवयीने ३७ अंशांवर लावलेला असतो, तो बदलून घ्या, कमी तापमानात कशाभिका चांगल्या तयार होतात. माध्यमात ग्लुकोज घालू नका, कारण ग्लुकोज भरपूर असलं की ई. कोलाय कशाभिका बनवायचंच कमी करतो.

आठ-दहा तासांनी मध्यापासून बाहेर सरकणारी वलयं दिसतात. सर्वांत बाहेरच्या वलयातले जिवाणू सेरीन हे अमिनो आम्ल खात आणि त्याचा उतार, म्हणजे आत कमी आणि बाहेर जास्त असा फरक, तयार करत पुढे जात असतात. आतलं वलय अ‍ॅस्पार्टेटवाल्यांचं. आता महत्त्वाचं. वलय मोठं झालं म्हणजे केमोटॅक्सिस चांगला, असं लगेच लिहू नका. वलयाचा आकार तीन गोष्टींवर ठरतो: वाढ किती वेगाने होते, पोहणं किती जोरात आहे आणि दिशा कळते का. हे तिन्ही वेगळे करायला कोणते कंट्रोल लावाल? न पोहणारा स्ट्रेन लावा. त्याच स्ट्रेनची वाढ नेहमीच्या ब्रॉथमध्ये मोजा. पोहणारे जिवाणू थेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. साध्या सूक्ष्मदर्शकातही ४०च्या भिंगाखाली, कंडेन्सरचा पडदा बराच मिटवून, ते दिसतात. नेत्रभिंगाला मोबाइल टेकवून चित्रण करता येतं. पुढचं काम इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरचं. त्यातल्या ट्रॅकमेट या जोडणीने एकेका जिवाणूची वाट काढा, वेग काढा, आलेख काढा. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात हे होतं.

वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्ट्रेनचं पोहणं अनेकदा मंदावलेलं असतं. अशा वेळी वलयाच्या बाहेरच्या कडेवरून जिवाणू उचलून नव्या प्लेटवर लावायचे, दोन-तीन वेळा. पेशी धुताना सेंट्रिफ्यूज हळू चालवा आणि व्हॉर्टेक्स, म्हणजे जोरात ढवळणारं यंत्र, टाळा, कशाभिका तुटतात.

दुसरा प्रयोग: केशनळी, आणि आपल्या घेवड्याचा प्रश्न

प्लेटमध्ये वाढ आणि हालचाल गुंततात. ती गुंतागुंत केशनळीच्या पद्धतीत सुटते. फेफरची ही कल्पना अ‍ॅडलर यांनी मोजता येईल अशी केली. एका टोकाला बंद केलेल्या १ मायक्रोलिटरच्या केशनळीत चाचणीचं रसायन भरायचं, उघडं टोक जिवाणूंच्या द्रावणात ठेवायचं, ३० अंशांवर तासभर थांबायचं. मग नळी बाहेरून धुवायची, आतलं द्रव विरल करून प्लेटवर पसरायचं आणि वसाहती मोजायच्या. बफर साधा: १० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७, त्यात ०.१ मिलिमोलर ईडीटीए. या बफरमध्ये जिवाणू पोहतात पण वाढत नाहीत, ही सगळी खुबी. अ‍ॅस्पार्टेट १ मायक्रोमोलरपासून १०० मिलिमोलरपर्यंत दहापटीच्या पायऱ्यांनी लावा. आलेख वर जाईल आणि एका टप्प्यानंतर खाली येईल. तो खाली का येतो, यावर आठवडाभर स्वतः डोकं चालवा, मग वाचा.

यानंतर स्वतःचा प्रश्न. घेवड्याच्या किंवा सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींतून रायझोबियम वेगळा काढायचं प्रात्यक्षिक बीएस्सीला असतंच. त्याला जोडून विचारता येईल: कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या रुजत्या बियांतून झिरपणाऱ्या द्रावाकडे तिथल्याच मातीतला रायझोबियम किती ओढला जातो, आणि पाकिटातला किती? कशाभिका नसलेले रायझोबियमही गाठी करू शकतात, पण बाकीच्यांच्या स्पर्धेत मागे पडतात, हे माहीत आहे. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न पोकळ नाही. पण सावध राहा. बियांच्या द्रावाचा पीएच बफरपेक्षा वेगळा असेल, तर जिवाणू पीएचमुळे हलले की साखरेमुळे? बी निर्जंतुक केलं नसेल, तर द्रावात बियांवरचे जिवाणू मिसळले नाहीत कशावरून? असे पाच आक्षेप स्वतःच वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर कंट्रोल लिहा. ही वही पुढे मुलाखतीला नेण्यासारखी होते.

सांगलीकडच्यांसाठी आणखी एक दिशा. तासगाव भागातल्या द्राक्षबागांना छळणाऱ्या डाऊनी या रोगाचे चलबीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. हे काम वनस्पतिरोगशास्त्राच्या माणसासोबतच करावं, पण प्रश्न त्याच घराण्यातला आहे.

वाचन

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी शोधनिबंध सुरुवातीला अंगावर येतो. सारांश वाचून पुढे जाऊ नका. आधी आकृत्या पाहा आणि प्रत्येक आकृतीखाली मराठीत एक वाक्य लिहा: काय बदललं, काय मोजलं, कशाशी ताडलं. मग पद्धती वाचा. निष्कर्ष शेवटी. एका निबंधाला आठवडा लागला तरी चालेल.

घरी काय सांगायचं

हा भाग टाळता येत नाही. आपल्याकडे मुलगा सैन्यात गेला, एमपीएससीतून निघाला किंवा पुण्यात कंपनीत लागला की घराला समजतं. "जिवाणू कुठं जातात ते बघतोय" हे आबांना समजावणं अवघड. म्हणून आकडे मांडून बोला. बीएस्सी तीन किंवा चार वर्षं, एमएस्सी दोन, पीएचडी पाच-सहा, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, दोन-चार वर्षं. कायम नोकरी तिशी उलटल्यावर. हे लपवू नका. पण पीएचडीची वर्षं फी भरण्याची नसतात हेही सांगा: सीएसआयआर-यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते, आणि नियमाप्रमाणे घरभाडं वेगळं. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. पदवीपर्यंतच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर असतात. उत्पन्नाचा दाखला जूनआधी काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग असते. रयतच्या कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. त्या योजनेत काम करून शिकलेल्यांची मोठी परंपरा या जिल्ह्यात आहे, तिचा संकोच बाळगू नका.

मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी निघतो. आई किंवा आत्या, जी कोणी ऐकून घेते, तिला एकदा प्रयोगशाळेत घेऊन या आणि प्लेटवरची वलयं दाखवा. त्यानंतरचं बोलणं सोपं गेल्याचं मी पाहिलं आहे.

एमएस्सी आणि परीक्षा

शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. घराजवळ राहून एमएस्सी करायची तर तो पर्याय चांगला. बाहेर जायचं तर जॅम ही परीक्षा. तिच्यातून आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएचडीची दारं उघडतात. जीएटी-बी ही जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांची परीक्षा. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेस पेपर, गेट, आणि एनसीबीएस व टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थांची जेजीबिल्स ही प्रवेशपरीक्षा. जेजीबिल्समध्ये पाठांतर चालत नाही. प्रयोग देऊन निष्कर्ष विचारतात. वरची कंट्रोलची वही ज्याने प्रामाणिकपणे लिहिली आहे त्याला ही परीक्षा ओळखीची वाटते.

उन्हाळी प्रकल्प आणि प्राध्यापकांना पत्र

तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काम, सोबत विद्यावेतन. अर्ज आदल्या वर्षाअखेरीस निघतात, तारीख अकादमीच्या संकेतस्थळावर पाहा. पुणे तर साताऱ्याहून एसटीने तीन तासांवर. पाषाणला आयसर आणि एनसीएल, गणेशखिंडला एनसीसीएस, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था.

प्राध्यापकांना ईमेल करताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो. एका माणसाचे दोन निबंध वाचा आणि दहा ओळींत लिहा: मी कोण, तुमच्या अमुक निबंधातल्या अमुक आकृतीबद्दल मला हा प्रश्न पडला, मी कॉलेजात केशनळीची चाचणी केली त्याचा आलेख जोडला आहे, मे-जूनमध्ये आठ आठवडे येऊ शकतो. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट' या सुरुवातीने काहीच कळत नाही, आलेखाने कळतं. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या माणसाकडे जा.

पीएचडीची प्रयोगशाळा निवडताना

विषयाइतकंच मार्गदर्शकाकडे बघा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, गेल्या पाच वर्षांतल्या निबंधांत विद्यार्थ्यांची नावं पहिली आहेत का, हे शोधून काढता येतं. सध्याच्या विद्यार्थ्यांशी चहाच्या टपरीवर बोला, प्रयोगशाळेत नको. केमोटॅक्सिस हाच शब्द नावात असलेली प्रयोगशाळा मिळाली नाही तरी बिघडत नाही. पेशींचं स्थलांतर, संकेतवहन, जिवाणूंचे जैवथर, वनस्पती आणि सूक्ष्मजीवांचं नातं, प्रथिनांची रचना, यांपैकी कुठेही तुम्हाला लागणारी हत्यारं मिळतात. प्रथिन शुद्धीकरण, म्युटंट तयार करणं, जिवंत पेशींचं फ्लुरोसन्स चित्रण आणि पायथॉनमध्ये विश्लेषण, या चारांतल्या दोन गोष्टी पीएचडी संपेपर्यंत स्वतःच्या हाताने उत्तम यायला हव्यात.

पुढे

पीएचडीनंतरच्या वाटा एकाच दिशेला जात नाहीत. परदेशात किंवा देशात पोस्टडॉक करून संशोधन संस्थेत स्वतःचा गट उभा करणं, ही एक, आणि तिथे जागा कमी असतात. औषध कंपन्यांत पेशींच्या स्थलांतराच्या चाचण्या चालतात. दाह आणि कर्करोगाची औषधं तपासताना १९६२ सालच्या बॉयडेन कक्षाची आधुनिक रूपं अजून वापरात आहेत, दोन कप्प्यांमध्ये सच्छिद्र पडदा हीच त्यांचीही रचना. जैविक खतांच्या उद्योगाला जिवाणू मुळापाशी टिकतात का हे तपासणारी माणसं हवी असतात, आणि हा उद्योग आपल्या भागातल्या शेतीशी थेट जोडलेला आहे.

कॉलेजात शिकवण्याचा विचार असेल तर नेट किंवा सेट आवश्यक. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला ती देता येते. त्याच वर्षी देऊन टाका. पीएचडीच्या मध्यावर, पेशी दर सहा तासांनी तपासायच्या असताना, तिच्यासाठी वेळ काढणं फार जड जातं.